मुक्या जिवांचे विश्वस्त : शिकारीचे नियम आणि जनतेचा सहभाग

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ट्रस्टची पन्नास वर्षे म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब होय. मंदिराचे द्रव्य, धर्मशाळेच्या खोल्या, पांजरपोळातील जनावरे यांपैकी काहीही विश्वस्तांच्या मालकीचे नसते. ते समाजाचे असते. विश्वस्तांनी ते सांभाळायचे, जमल्यास वाढवायचे आणि पुढील पिढीच्या हाती सोपवायचे. समाजातील सामान्यातील सामान्य माणसाने सभेत उठून प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यायचे. विश्वस्त या शब्दाचा हा अर्थ जैन समाजाच्या चांगलाच अंगवळणी पडलेला आहे. मात्र हाच शब्द जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, रानातल्या पशुपक्ष्यांच्या बाबतीत वापरला जातो, ही गोष्ट फारशी परिचित नाही. तेथे शिकारीचे नियम कसे ठरतात, त्यात सामान्य नागरिकाला किती वाव असतो आणि अहिंसेला मानणाऱ्या समाजाने त्यापासून काय घ्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सप्त व्यसनांत शिकारीची गणना होते. तेव्हा शिकारीच्या नियमांची चर्चा धर्मसभेत कशाला, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. ही शंका योग्य आहे, आणि तिचा विचार पुढे करावयाचाच आहे. तत्पूर्वी वस्तुस्थिती पाहू जाता असे दिसते की, जगातील बहुसंख्य देशांत शिकार कायद्याने चालते आणि ती कोणत्या प्राण्याची, कोणत्या महिन्यात, कोणत्या साधनाने व किती संख्येने व्हावी हे कोणीतरी बसून ठरवीत असते. जिवाचे मरण जेथे कागदावर ठरते, तेथे दयेचा शब्द पोहोचतो की नाही, हा प्रश्न धर्माचाच आहे.

विश्वस्ताची कल्पना

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बेसुमार शिकार झाली. गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनचे प्रचंड कळप नाहीसे झाले. उडताना आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतर व्यापारी शिकारीला बळी पडले. या जातीची शेवटची मादी 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि एक जात पृथ्वीवरून कायमची गेली.

हा ऱ्हास चालू असतानाच 1896 साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे 'गीर विरुद्ध कनेक्टिकट' हा खटला आला. कनेक्टिकट राज्याने शिकार केलेले काही पक्षी राज्याबाहेर नेण्यास मनाई केली होती. न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. रानातील प्राणी कोणा एकाची मत्ता नव्हेत. ते सर्व जनतेचे असून राज्याने विश्वस्त या नात्याने ते सांभाळावयाचे आहेत, असा या निर्णयाचा आशय होता. पुढे 1979 साली 'ह्यूजेस विरुद्ध ओक्लाहोमा' या खटल्यात न्यायालयाने राज्याच्या मालकीचे तत्त्व मोडीत काढले आणि जुना निर्णय रद्द ठरविला. तरीही राज्य हे वन्य जीवांचे विश्वस्त आहे, ही कल्पना राज्याराज्यांच्या कायद्यांत व कारभारात टिकून राहिली.

विश्वस्त म्हटला की लाभार्थी आला आणि लाभार्थी आला की त्याला विचारणे आले. शिकारीच्या नियमांत जनतेच्या सहभागाचे मूळ येथे आहे.

नियम कसे ठरतात

स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीची चौकट अमेरिकेत केंद्र सरकार आखते. तिच्या आत राहून हंगाम ठरविणे, तसेच हरिण, अस्वल यांसारख्या स्थानिक प्राण्यांचे नियम करणे हे राज्यांचे काम असते. बहुतेक राज्यांत त्यासाठी एक आयोग किंवा मंडळ असून त्याचे सदस्य सामान्यतः गव्हर्नर नेमतो. वन्यजीव खात्याचे अधिकारी प्राण्यांच्या संख्येचा अंदाज घेऊन मसुदा मांडतात. तो प्रसिद्ध होतो. ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागविल्या जातात. जाहीर सुनावणी होते आणि तेथे कोणीही नागरिक उभा राहून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. त्यानंतर आयोग मतदान करतो व नियम लागू होतो.

विस्कॉन्सिन राज्याने याहून पुढचे पाऊल फार पूर्वी उचलले. तेथे 1934 साली 'काँझर्वेशन काँग्रेस' नावाची नागरिकांची सल्लागार संस्था स्थापन झाली. दर वर्षी एप्रिल महिन्यात राज्याच्या सर्व 72 काउंटींत, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांत, सुनावण्या घेण्याची प्रथा पडली. नागरिक प्रश्नावलीवर कौल देतात, आपले प्रतिनिधी निवडतात व स्वतः लिहून आणलेला ठरावही मांडू शकतात. हा कौल सल्ल्यापुरताच असतो, बंधनकारक नसतो. तरीही शेतकरी, कामगार किंवा शिक्षक आपल्या गावाजवळच्या सभागृहात जाऊन रानाविषयी मत नोंदवितो, ही रीत लोकशाहीला भूषणावह आहे यात संशय नाही.

सभागृहात कोण असते

दार सर्वांना उघडे असले तरी आत कोण जातो, हा खरा प्रश्न. 1937 साली अमेरिकेत पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका व दारूगोळ्यावरील कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांच्या संवर्धनासाठी वाटून देण्याची व्यवस्था त्याने केली. या वाटणीत राज्याच्या क्षेत्रफळाबरोबर तेथील परवानाधारक शिकाऱ्यांची संख्याही धरली जाते. त्यात परवान्यांच्या शुल्काची भर पडते. या पैशातून अनेक प्राण्यांचे अधिवास वाचले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्या पैशावर खाते चालते त्याचे म्हणणे खात्याला अधिक ठळक ऐकू येते, हा मनुष्यस्वभाव आहे. सुनावणीला शिकाऱ्यांच्या संघटना नेमाने जातात. पक्षी पाहून आनंद मानणारा माणूस मात्र घरी असतो. त्याला सुनावणीची तारीखच ठाऊक नसते.

2022 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत शिकार करणारे सुमारे 1 कोटी 44 लाख लोक होते. पशुपक्ष्यांचे केवळ निरीक्षण करणारे सुमारे 14 कोटी 80 लाख होते. म्हणजे पाहणारे हे मारणाऱ्यांच्या दहापट झाले. तरीही नियमांवर ठसा कोणाचा उमटतो, हे पुढील उदाहरणावरून समजेल.

एक पक्षी, दोन राज्ये

होल्याच्या कुळातील 'मोर्निंग डव्ह' नावाचा एक भोळा पक्षी अमेरिकेत सर्वत्र आढळतो. विस्कॉन्सिन राज्याने 1971 साली त्याला शांततेचे अधिकृत प्रतीक म्हणून गौरविले. त्याच राज्यात काही वर्षांनी या पक्ष्याच्या शिकारीची मागणी पुढे आली. 2000 सालच्या सुनावण्यांना मोठी गर्दी झाली आणि त्याच वर्षी राज्याच्या मंडळाने शिकारीच्या हंगामास मान्यता दिली. पक्षिप्रेमी नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली. मंडळाला असा अधिकार आहे की नाही, यावर वाद रंगला. 2003 साली प्रत्यक्ष शिकार सुरू झाली आणि 2004 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. शांततेचे प्रतीक शांततेचेच राहिले; केवळ त्याच्यावर गोळी झाडण्याची मुभा मिळाली.

शेजारच्या मिशिगन राज्यातही 2004 साली विधिमंडळाने याच पक्ष्याच्या शिकारीस परवानगी देणारा कायदा केला. तेथे मात्र नागरिकांच्या हाती एक साधन होते. पुरेशा सह्या गोळा केल्यास विधिमंडळाचा कायदा जनतेच्या मतास टाकता येतो. कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून सह्या मिळविल्या आणि नोव्हेंबर 2006 च्या निवडणुकीत हा प्रश्न मतपत्रिकेवर आला. सुमारे 69 टक्के मतदारांनी शिकारीला नकार दिला. त्या मतदारांत बंदूक न धरणारेही होते आणि हरणाची शिकार करणारेही होते.

पक्षी तोच, हवामान तेच, माणसेही फारशी निराळी नव्हेत. एका राज्यात निर्णय मंडळाच्या टेबलावर झाला, दुसऱ्यात तो घराघरांत गेला. पक्ष्याचे जीवित या फरकावर अवलंबून राहिले.

अधिक लोक म्हणजे अधिक दया काय?

यावरून जनतेला विचारले की दयाच जिंकते, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. 2005 साली विस्कॉन्सिनच्याच सुनावण्यांत एक प्रश्न आला : मोकाट फिरणारी मांजरे 'असंरक्षित' वर्गात टाकावीत काय? याचा अर्थ, ती मारण्यास मोकळीक मिळावी काय? प्रश्न मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की मांजरे असंख्य रानपक्षी मारतात. 6,830 जणांनी होकार दिला व 5,201 जणांनी नकार. देशभर संताप उसळला, गव्हर्नर जिम डॉयल यांनी असा कायदा होऊ देण्यास विरोध दर्शविला आणि विषय बारगळला. येथे पक्ष्यांवरील दया व मांजरांवरील दया समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. अनेकान्ताचा अभ्यास असणाऱ्याला या पेचाचे नवल वाटणार नाही.

जनतेने थेट मतदानाने प्राण्यांची बाजू घेतल्याचीही ठळक उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियाने 1990 साली प्यूमा या मोठ्या मांजरवर्गीय प्राण्याच्या हौशी शिकारीवर मतदानाने बंदी घातली व त्याच्या अधिवासासाठी निधीही बांधून दिला. कोलोरॅडोत 1992 साली सुमारे 70 टक्के मतदारांनी अस्वलांची वसंतातील शिकार, आमिष ठेवून केलेली शिकार व कुत्री सोडून केलेली शिकार बंद केली. वसंतात अस्वलाच्या माद्यांजवळ लहान पिले असतात. माता मारली गेली की पिले उपासमारीने मरतात, ही गोष्ट लोकांच्या मनाला भिडली. सर्व शिकार थांबविण्याची मागणी त्यांनी केली नव्हती. क्रूरतेचा एक स्पष्ट, सिद्ध करता येणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि तो थांबविला.

मात्र याच कोलोरॅडोत 2024 साली प्यूमा, बॉबकॅट व लिंक्स यांच्या शिकारीवरील बंदीचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी शिकार व मासेमारीचा हक्क राज्यघटनेत लिहून घेतला. यूटाहमध्ये तर 1998 सालीच वन्यजीवविषयक जनप्रस्तावाला दोन-तृतीयांश मतांची अट घटनेत घालण्यात आली. आणि ज्या मिशिगनने होल्याला वाचविले, तेथे 2014 साली मतदारांनी लांडग्यांच्या शिकारीस वाट देणारे दोन कायदे नाकारले खरे. पण मतदानापूर्वीच विधिमंडळाने तिसरा कायदा संमत करून त्या कौलातील जीव काढून घेतला होता.

सहभाग डावलला की काय होते, याचेही एक बोलके उदाहरण आहे. जानेवारी 2021 मध्ये लांडग्यांवरील केंद्रीय संरक्षण उठले. विस्कॉन्सिनचे खाते नोव्हेंबरमध्ये, सल्लामसलत करून, हंगाम घेणार होते. शिकाऱ्यांची एक संघटना न्यायालयात गेली आणि हंगाम फेब्रुवारीतच तातडीने घ्यावा लागला. लांडग्याला बंधू मानणाऱ्या ओजिब्वे या मूळ रहिवाशांशी रीतसर विचारविनिमय करण्यासही सवड राहिली नाही. एकूण 200 ची मर्यादा होती. त्यांपैकी 81 चा वाटा ओजिब्वे जमातींचा असून त्यांना तो मारण्यासाठी वापरायचा नव्हता. उरलेल्या 119 च्या जागी तीन दिवसांच्या आत 218 लांडगे मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यातील न्यायालयाने पुढचा हंगाम थांबविला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने केंद्रीय संरक्षण पुन्हा लागू केले. सुनावणीला लागणारे काही महिने अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतात. त्या महिन्यांची किंमत किती असते, ते या तीन दिवसांनी दाखविले.

श्रावकाने अशा सभेत जावे काय?

आता मूळ शंकेकडे वळावयाचे. जेथे किती जीव मारायचे याचा आकडा ठरतो, त्या सभेत जाऊन 'चाळीसऐवजी वीस' म्हणणे हे विसांच्या हिंसेला अनुमोदन नव्हे काय? हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास अनुमोदन देणे, या तिन्हींचा त्याग जैन आचारात सांगितला आहे. तेव्हा हा प्रश्न टाळून चालणार नाही.

याचे उत्तर सभेत काय बोलले जाते यावर अवलंबून आहे. मनोरंजनासाठी जीव मारणे ही संकल्पी हिंसा असून ती सर्वथा त्याज्य आहे, हे प्रथम स्पष्ट शब्दांत नोंदवावे. मसुदा मान्य नाही, असेच लिहून द्यावे. त्यानंतर, मसुदा तरीही होणारच असेल, तर पिले असणाऱ्या मादीस, आमिषाला, रात्रीच्या शिकारीला विरोध करावा. होणारी हिंसा कमी करण्याचा यत्न आणि हिंसेला संमती या दोन गोष्टी एक नव्हेत. पांजरपोळ चालविणारा समाज कसाईखान्याला मान्यता देत नाही. जो जीव वाचेल तो वाचवितो. उलट, मनात विरोध असूनही जो गप्प राहतो, त्याचा विरोध नोंदवहीत शून्य म्हणून धरला जातो. आयोगाला मौन वाचता येत नाही.

जीवदयेसाठी राज्यकर्त्यांच्या दारी जाण्याची परंपरा जैनांना नवी नाही. आचार्य हीरविजयसूरी 1583 साली फत्तेपूर सिक्रीस बादशहा अकबराच्या भेटीस गेले आणि त्यांच्या उपदेशाने पर्युषण काळात प्राणिहत्या बंद ठेवण्याची फर्माने निघाली. त्या काळी एका राजाचे मन वळविले की पुरे होते. आज राजा म्हणजे लाखो मतदार आणि त्यांचे प्रतिनिधी. एका भेटीऐवजी आता शंभर अर्ज, दहा सुनावण्या आणि पुष्कळ अभ्यास लागतो.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 साली आला. आरंभी त्यात परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती मोडीत निघाली आणि सूचीतील प्राण्यांची शिकार सर्वसाधारणपणे निषिद्ध झाली. हा मोठा पुण्यलाभ होय. तथापि या कायद्याच्या कलम 62 अन्वये केंद्र सरकार काही प्राण्यांना ठरावीक प्रदेशापुरते व मुदतीपुरते 'उपद्रवी' घोषित करू शकते. तसे झाले की त्या प्राण्याचे संरक्षण संपते. अशी अधिसूचना काढण्यापूर्वी जनसुनावणी घेतलीच पाहिजे, अशी अट या कलमात नाही.

डिसेंबर 2015 मध्ये बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर यांना एका वर्षासाठी उपद्रवी ठरविण्यात आले. जून 2016 मध्ये मोकामा परिसरात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी व पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यातील जाहीर मतभेद त्या वेळी देशभर गाजला. चर्चा झाली, पण गोळ्या झाडून झाल्यावर. ती आधी, त्याच जिल्ह्यांत, शेतकरी व प्राणिप्रेमी यांना एका मंचावर बसवून झाली असती, तर निर्णय कदाचित वेगळा आला असता. तसाच आला असता तरी तो सर्वांचे ऐकून आलेला असता.

या प्रश्नाची दुसरी बाजू जैन समाजाइतकी क्वचितच कोणाला जवळची असेल. कोल्हापूर-सांगली भागातील जैन बांधव मोठ्या संख्येने शेतकरी आहेत. गवे उसात शिरले, रानडुकरांनी भुईमूग उकरला, तर रात्रभर जागणारा माणूस याच समाजातला असतो. त्याला अहिंसेचा उपदेश करून शहरातल्या माणसाने झोपी जावे, हा धर्म नव्हे. शेत राखण्यासाठी घडणारी विरोधी हिंसा आणि हौसेची संकल्पी हिंसा यांत शास्त्राने भेद केलेला आहे. त्या शेतकऱ्याला कुंपणासाठी साहाय्य, वेळेवर पंचनामा आणि पुरेशी नुकसानभरपाई मिळवून देणे हा प्राणिरक्षणाचाच भाग आहे. पोटभर भरपाई मिळालेला शेतकरी बंदुकीची मागणी सहसा करीत नाही.

सहभागाचे काही दरवाजे येथेही उघडे आहेत. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी 60 दिवसांची मुदत असते. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत व नगरपालिका पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात. 2021 साली वन्यजीव कायद्याचे दुरुस्ती विधेयक आले तेव्हा संसदेच्या स्थायी समितीने जनतेकडून सूचना मागविल्या होत्या. देशातील किती जैन संस्थांनी त्या वेळी लेखी निवेदन दिले असेल, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःच्या दप्तरात शोधून पाहावा.

जीवदयेसाठी दान देण्यात हा समाज कधी मागे राहिलेला नाही. आता त्या दानाला जोड हवी ती अभ्यासाची आणि उपस्थितीची. राजपत्र वाचणारे दोन तरुण, मराठीत नीट निवेदन लिहिणारा एक वकील, गावचा एक अनुभवी शेतकरी आणि वनस्पती-प्राण्यांचा एक जाणकार, एवढी पाच जणांची समिती कोणत्याही ट्रस्टला बसविता येण्याजोगी आहे. तिने वर्षातून दोन हरकती जरी मुदतीत नोंदविल्या, तरी त्या कागदावर राहतात आणि पुढच्या निर्णयाच्या वेळी त्यांचा विचार करावा लागतो.

समाजाच्या द्रव्याचा हिशेब विश्वस्तांकडे मागितला जातो, तो समाज जागा असतो म्हणून. रानातील जीव हे राज्याकडे सोपविलेले सर्वांचे धन आहे. त्या धनाला स्वतः बोलता येत नाही, सभेला येता येत नाही, सही करता येत नाही. त्याच्या वतीने हिशेब मागणारा जर सभागृहात नसेल, तर विश्वस्त त्यालाच उत्तर देतील, जो तेथे हजर असेल. हे ध्यानी घेऊन सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने जीवदयेचे हे नवे क्षेत्रही आपलेसे करावे, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!